शेंबडाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी (सोलापूरकरांनो, या)

कडकभाकरी

आपल्याकडे नाक वाहायला लागलं की माणूस आधी मेडिकल गाठतो आणि "नाक सुकवायची गोळी द्या" म्हणतो. गोळी मिळते, नाक सुकतं. मग रात्रभर नाकात खपल्या, सकाळी शिंकरलं की रुमालावर रक्ताची बारीक रेघ आणि घसा खवखवायला लागतो. तरी पुढच्या सर्दीला तीच गोळी. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं सांगणार नाही. पण शेंबूड नेमकं काय काम करतो ते सांगायला हरकत नसावी. घरात, वर्गात, स्टाफरूममध्ये त्याची नुसती बदनामी ऐकतोय.

शेंबडात सुमारे ९५ टक्के पाणी असतं. उरलेल्यात क्षार आणि म्युसिन नावाची प्रथिनं. ही प्रथिनं पाणी धरून फुगतात, त्यातून तो चिकटपणा येतो. नाकाच्या आतल्या अस्तरात गॉब्लेट पेशी आणि बारीक ग्रंथी असतात, त्या हा माल सतत तयार करतात. सर्दी असो नसो. तब्येत ठीक असते तेव्हा आपण तो नकळत गिळतो आणि पोटातलं आम्ल पुढचं बघून घेतं. (शी म्हणू नका, आत्ता वाचतानाही तुम्ही तेच करताय.)

अस्तरावर याचे दोन थर असतात. खालचा पातळ, पाण्यासारखा. वरचा चिकट. खालच्या थरात सिलिया नावाचे अतिसूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. मंगळवेढ्याच्या रानात वाऱ्यावर उभी ज्वारी लवते ना, तसंच, फक्त सगळी एकाच दिशेला. त्या हालचालीने वरचा चिकट थर मिनिटाला साधारण पाच-सहा मिलिमीटर वेगाने घशाकडे सरकत राहतो. हवेतून आलेली धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात आणि त्याच्यासोबत जातात. दहा-वीस मिनिटांत नाकातला जुना थर जाऊन नवा आलेला असतो.

आपण दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. ती गाळायची, ओली करायची, तापवायची किंवा गार करायची, हे बहुतेक काम नाकातच होतं. आणि इथेच आपल्या गावाची गोष्ट येते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, दुपारची हवा ठणठणीत कोरडी. त्या हवेला ओलं करायला पाणी येतं कुठून? याच अस्तरातून. खालचा पातळ थर आटला की सिलियांना हलायला जागा उरत नाही. वरचा थर घट्ट होतो, जागच्या जागी वाळतो, त्याचंच मेकूड. म्हणजे आपल्या निम्म्या लोकांचं दुखणं जास्त शेंबडाचं नाहीच, वाळलेल्या शेंबडाचं आहे, आणि आपण त्यावर आणखी वाळवायची गोळी घेतो.

अजून एक, कारण ही हकीकत मला फार आवडते. १९२१ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्याने स्वतःच्या नाकातला स्राव जंतू वाढवायच्या ताटलीवर घातला. काही दिवसांनी बघतो तर त्या स्रावाच्या आजूबाजूचे जंतू विरघळलेले. त्यातल्या घटकाला त्याने लायसोझाइम नाव दिलं आणि १९२२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पेनिसिलिन त्यानंतर सहा वर्षांनी. हेच लायसोझाइम डोळ्यांतल्या पाण्यातही असतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या मंडळींच्या डोळ्यांत लिंबू पिळून तो अश्रू गोळा करायचा. पेनिसिलिनचा धडा सगळ्यांना पाठ असतो, हा मात्र कुणी शिकवत नाही.

तर बोला. तुमच्याकडे काय अनुभव?

---

साखरपेठकर

सर, सकाळी सकाळी चहासोबत हा धागा उघडला. आता चहा तुम्हीच प्या.

बाकी लेख भारी. "शेंबडं पोरही सांगेल" म्हणतात, पण आमच्या घरात म्हाताऱ्यांनाही हे माहीत नव्हतं.

---

धोटा

लई दिवसांनी कामाचा धागा. आमचा टॉवेलचा माग आहे, अक्कलकोट रोडला. संध्याकाळी घरी येऊन शिंकरलं की दिवसभर कुठल्या रंगाच्या बीमवर काम केलं ते रुमालावर दिसतं. लाल सूत तर लाल, हिरवं तर हिरवं. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा, मी म्हणतो अगं रंग आहे तो, सुताचा.

माझा प्रश्न सरळ आहे. हे तूस नाकात अडकतं म्हणजे चांगलं की वाईट? वडील जुन्या मिलमध्ये ब्लोरूमला होते. त्यांना शेवटपर्यंत दम होता. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळायची म्हणायचे, मग आठवडाभरात कमी व्हायची. आम्हाला वाटायचं कामाचा कंटाळा.

---

नाककानघसा

नमस्कार. मी कान-नाक-घसा बघतो, सोलापुरातच. नाव देत नाही, इथे प्रॅक्टिस वाढवायची नाही.

धोटा, तुमच्या वडिलांना कंटाळा नव्हता. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बायसिनोसिस म्हणतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळखच आहे. इंग्लंडच्या गिरण्यांत त्याला सोमवारचा ताप म्हणायचे. जवस आणि भांगेच्या झाडाचे धागे पिंजणाऱ्यांचा खोकला आणि दमा इटलीच्या रामाझिनीने १७०० साली लिहून ठेवला होता, म्हणजे गिरण्या यायच्या कितीतरी आधी. कच्च्या कापसावर जंतू असतात, त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन धुळीबरोबर श्वासात जातं आणि श्वासनळ्या आवळतात. सगळ्यात जास्त धोका ब्लोरूम आणि कार्डिंगला, कारण कापूस तिथे फोडला-पिंजला जातो. मागावर सूत तयार होऊन आलेलं असतं, त्यामुळे धोका कमी. शून्य नाही.

नाकात अडकतं ते चांगलंच. दहा मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण बहुतेक नाकातच थांबतात. तुम्हाला रुमालावर दिसतो तो रंग या मोठ्या तुसाचा. न दिसणारी बारीक धूळ, अडीच मायक्रॉनच्या आतली, नाकाला चुकवून खाली फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाते. रुमाल रंगीत झाला म्हणजे नाक काम करतंय एवढंच कळतं, फुफ्फुस वाचलं की नाही ते त्यावरून कळत नाही.

तोंडाने श्वास घेणारे कामगार मी नेहमी बघतो. नाक चोंदलेलं, मागाचा खडखडाट, त्यावर ओरडून बोलणं, म्हणजे तोंड उघडंच. त्यांची पहिली चाळणीच बाद.

---

जुळेसोलापूर

डॉक्टर, थोडं विषयांतर करते. मुलगा पाच वर्षांचा. बालवाडीत जातो. नाकातून हिरवं येतं. सासूबाई म्हणतात छातीत उतरेल, अँटिबायोटिक चालू करा. मागच्या वेळी एका ठिकाणी दिलंही होतं, न तपासता. खरंच हिरवं म्हणजे जंतू का?

---

नाककानघसा

नाही, ताई. निदान नेहमी नाही. विषाणूशी लढायला पांढऱ्या पेशी नाकात उतरतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त एन्झाइम असतं आणि त्याचाच रंग हिरवट असतो. साध्या सर्दीतसुद्धा पहिले दोन दिवस पाणी, मग पांढरं, मग पिवळं-हिरवं, मग पुन्हा पातळ, असा क्रम असतो. निव्वळ रंगावर अँटिबायोटिक देऊ नये. विषाणूवर ते चालतही नाही.

मी बघतो ते वेगळंच. दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही. किंवा बरं होत आलं होतं आणि पुन्हा ताप, चेहरा दुखणं सुरू झालं. किंवा सुरुवातीलाच तीन-चार दिवस खूप ताप आणि घट्ट पू. मग सायनसमध्ये जंतुसंसर्ग झाला असेल असा विचार करतो.

लहान मुलांत अजून एक लक्षात ठेवा. एकाच नाकपुडीतून, घाण वास येणारा स्राव असेल तर आत काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता जास्त. शेंगदाणा, चिंचोका, खोडरबराचा तुकडा, फोमचा तुकडा, मणी, सगळं काढून झालंय माझं. घरी चिमट्याने काढायचा प्रयत्न करू नका, आत ढकललं जातं. आणि खेळण्यातली चपटी बटणासारखी बॅटरी नाकात गेल्याचा संशय आला तर त्याच क्षणी निघायचं. काही तासांत ती आतलं अस्तर जाळते, मधला पडदा फाटतो.

---

जुळेसोलापूर

दोन्ही नाकपुड्या आहेत आणि ताप नाही. खेळतोय मस्त. खूप धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवते, चिंचोक्यासकट.

---

माईची_लेक

मी विडी घरकुलातली. आई तिशीपासून विड्या वळते, आता साठीला आली. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, आणि दार बंद, कारण पंखा लावला किंवा वारा आला की भुकटी उडते. ती शिंकते, डोळे पुसते, पुन्हा वळते. आमच्या अख्ख्या ओळीत बायकांची नाकं अशीच. कुणाला विचारलं तर "तंबाखूची सवय झाली" म्हणतात.

आधी तिला पाणी यायचं नाकाला. गेली काही वर्षं येत नाही, वाससुद्धा कमी येतो. आमटी करपली तरी कळत नाही. कडकभाकरी सरांचं वाचून वाटलं, वाहायचं थांबलं ते बरं झालं म्हणून नव्हे.

---

कडकभाकरी

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. वासाचं थोडं सांगतो, कारण तेही याच शेंबडाशी जोडलेलं आहे. वास घेणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी वर, छताला असतात आणि त्यांच्यावरही हाच ओला थर असतो. वासाचे कण आधी त्या थरात विरघळतात, मगच पेशीपर्यंत पोचतात. थर सुकला, किंवा सूज येऊन हवा वरपर्यंत पोचलीच नाही, की वास गेला. बाकी डॉक्टरांनी सांगावं.

---

नाककानघसा

बरोबर. माईची_लेक, आईंना एकदा आणाच. माझ्याकडेच असं नाही, सिव्हिलला दाखवलं तरी चालेल. नाकात दुर्बीण घालून बघितलं की कळतं: अस्तर सुकून पातळ झालंय, की ॲलर्जीची सूज आहे, की पॉलिप, म्हणजे अस्तराचे मऊ फुगवटे, आहेत. तिन्हींचा उपाय वेगळा. दीर्घकाळ वास गेलेला असेल तर फक्त "वय झालं" म्हणून सोडू नये.

तोवर घरी होण्यासारखं: तंबाखू चाळायचं काम, सगळ्यात जास्त भुकटी तेव्हाच उडते, ते घरात न करता बाहेर ओट्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. नाकातोंडावर नीट बसणारा मास्क. नुसता पदर नाही, पदरातून बारीक धूळ सरळ जाते. काम संपलं की मिठाच्या पाण्याने नाक धुणं. आणि त्याच खोलीत लहान मूल झोपत असेल तर त्याचीही जागा बदला. पोराच्या नाकाची चाळणी मोठ्यांएवढी पक्की नसते.

---

शेंगाचटणी

हा प्रश्न मी कधीपासून विचारणार होतो. माझी नाकातल्या स्प्रेशिवाय झोप होत नाही. सर्दीला म्हणून सुरू केला होता, निळ्या झाकणाचा, मेडिकलवाल्यानेच दिला. आता मारला नाही तर दोन्ही नाकपुड्या ठप्प. मारला की पाच मिनिटांत मोकळं. रात्री उशाखाली, गाडीत एक, ऑफिसात एक. हे व्यसन आहे का?

---

नाककानघसा

व्यसन नाही, पण सुटायला तेवढंच जड. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन या औषधांनी अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक मोकळं होतं. औषध उतरलं की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा स्प्रे. चार-पाच दिवसांच्या वर हे वापरायचं नसतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. जास्त चाललं की सिलियांचीही वाट लागते.

सोडवायची एक पद्धत म्हणजे आधी एका नाकपुडीला बंद करणं, ती सुधारली की दुसऱ्या. सोबत डॉक्टरांच्या देखरेखीत स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे. तो वेगळा, दोघांत गल्लत करू नका. स्टेरॉइडचा स्प्रे लगेच मोकळं करत नाही, रोज मारला तर काही दिवसांनी गुण दिसतो. आणि मारताना उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, म्हणजे तोंड मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला राहतं. पडद्यावर मारत राहिलात तर घोळणा फुटतो.

---

साखरपेठकर

घोळणा म्हटलं की आठवलं. उन्हाळ्यात आमच्या पोराचा हमखास फुटतो. आई डोकं मागे करून कांदा हुंगवते. चालतं का?

---

नाककानघसा

कांदा हुंगा, काही बिघडत नाही. डोकं मागे नको. रक्त घशात उतरतं, गिळलं जातं, मग उलटी. बसवायचं, मान थोडी पुढे, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचा आणि मध्ये सोडून बघायचं नाही. मुलांमध्ये बहुतेक वेळा मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून रक्त येतं, तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वर असतं. उन्हाळ्यात अस्तर सुकतं, खपली धरते, पोरगं बोट घालतं, झालं. रात्री झोपताना आत थोडं मिठाचं जेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं तर पुष्कळ कमी होतं. नखं कापा. वीस मिनिटं दाबूनही थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर मात्र दवाखाना.

---

वैद्यबुवा

मी आयुर्वेदाचा. धागा चांगला आहे पण एका गोष्टीचा उल्लेख नाही. कोरड्या नाकावर आमच्याकडे नस्य आहे, तेलाचे किंवा तुपाचे दोन थेंब रोज. आपल्या आज्या बाळाच्या नाकात तेल घालायच्याच ना? सोलापूरच्या उन्हात याहून सोपा उपाय नाही.

---

नाककानघसा

वैद्यबुवा, मोठ्या माणसाने बोटाला तेल लावून नाकाच्या तोंडाशी आत फिरवलं तर मला काही म्हणायचं नाही. कोरडेपणाला आराम मिळतो, माझे पेशंटही करतात. पण बाळाच्या नाकात तेल नको, इथे मी ठाम आहे. तेल श्वासनळीत उतरलं तर पाण्यासारखं खोकून बाहेर पडत नाही, सिलियांनाही ते ढकलता येत नाही. फुफ्फुसात साचून न्यूमोनिया होतो, त्याला लायपॉइड न्यूमोनिया म्हणतात. गिळायला त्रास असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनाही तोच धोका. पहिले काही महिने बाळ जवळजवळ नाकानेच श्वास घेतं, म्हणून चोंदलं की दूध ओढत नाही, चिडतं. पाजायच्या आधी सलाइनचे दोन थेंब, बस्स.

---

वैद्यबुवा

बाळाबाबत आणि गिळायचा त्रास असलेल्यांबाबत मान्य. प्रौढांच्या नस्यावर आपले मतभेद राहतील, राहू देत. विधीने, वैद्याच्या सल्ल्याने करावं एवढं म्हणतो. यूट्यूब बघून अर्धी वाटी ओतणारे माझ्याकडेही येतात.

---

पार्कचौक_जुना

भ्रामरीचा विषय कुणी काढला नाही. आमच्या हास्यक्लबात ताई सांगतात की गुणगुणल्याने नाकात कसलातरी वायू तयार होतो आणि सगळे रोग जातात. मी आपला मागच्या रांगेत हसतो. खरं खोटं सांगा कुणीतरी.

---

कडकभाकरी

काका, अर्धं खरं आहे. वायू नायट्रिक ऑक्साइड. तो नाकाशेजारच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये तयार होतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये मोजून दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा हा वायू शांत श्वासापेक्षा सुमारे पंधरापट असतो. आवाजाच्या कंपनाने सायनसमधली हवा आतबाहेर होते. हा वायू जंतूंना त्रासदायक असतो आणि सिलियांच्या हालचालीला मदत करतो.

"सगळे रोग जातात" हे मात्र ताईंचं स्वतःचं. भ्रामरी करा, बरं वाटतं, फुकट आहे. सायनसला पू झाला असेल तर गुणगुणत बसू नका.

आणि एक गंमत. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या उघड्या नसतात. काही तासांनी एक बाजू फुगते, दुसरी मोकळी होते, आलटून पालटून. जर्मन डॉक्टर कायझर यांनी १८९५ मध्ये हे लिहिलं. योगवाले त्याआधी कितीतरी शतकं चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणतच होते. तेव्हा रात्री एक बाजू बंद वाटली की लगेच स्प्रे शोधू नये. (शेंगाचटणी, तुम्हाला उद्देशून.)

---

शेंगाचटणी

पोचलं सर. 😅 उशाखालचा काढलाय. गाडीतला अजून आहे.

---

जुळेसोलापूर

मिठाच्या पाण्याचा उल्लेख दोनदा आला. कृती सांगा ना कुणी. जलनेतीचं भांडं घरात पडून आहे. आणि आपलं नळाचं पाणी चालेल का? आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, टाकीत भरून ठेवलेलं असतं.

---

नाककानघसा

नळाचं सरळ अजिबात नाही, टाकीतलं तर नाहीच. पिताना चालणारं पाणी नाकाला चालेल असं नसतं. पोटात आम्ल आहे, नाकात नाही, आणि नाकाच्या छतापासून मेंदू फार लांब नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि नाकातून मेंदूत जातो. अमेरिकेत लुईझियानात २०११ मध्ये नळाचं पाणी वापरून नेती करणारे दोघे दगावले. केरळात अलीकडे या प्रकारच्या संसर्गाचे रुग्ण सापडले, ते बहुतेक तळ्या-विहिरीच्या पाण्यातून. फार दुर्मिळ आहे, पण झाला तर वाचणं अवघड. आणि आपल्या उन्हाळ्यात गच्चीवरची काळी टाकी किती तापते ते तुम्हाला माहीत आहे.

पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर निदान मिनिटभर, मग झाकून कोमट होऊ द्या. एक लिटरला नऊ ग्रॅम मीठ. आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम, कमी झोंबतं. झोंबलं तर बहुतेक वेळा मीठ कमी-जास्त झालेलं असतं. नुसतं पाणी तर फारच झोंबतं. सिंकवर वाकून, तोंड उघडं ठेवून, एका बाजूने हळू सोडायचं. कान ठणकत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर नको. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. भांडं रोज धुवून कोरडं करा. पाच वर्षांच्या मुलाला नेती नको, त्याला मेडिकलमधला सलाइनचा स्प्रे बरा.

नंतर शिंकरताना एकेक नाकपुडी, हलक्या हाताने. दोन्ही दाबून जोर लावला की माल सायनसमध्ये उलटा जातो.

---

पार्कचौक_जुना

आणि दूध, केळी? सर्दीत घरात कुणी देत नाही मला. वाफारा मात्र रोज, निलगिरी घालून.

---

नाककानघसा

दुधाने शेंबूड वाढतो याला पुरावा मिळालेला नाही. दूध लाळेत मिसळून घशात दाट लागतं म्हणून तसं वाटतं. केळंही खा, काका. वाफेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घ्या. पण पातेलं टेबलावर स्थिर ठेवा आणि नातवंडांना त्या टॉवेलखाली घेऊ नका. वाफाऱ्याच्या पाण्याने भाजलेली मुलं दर हिवाळ्यात येतात, आणि मोजून सांगावा असा सर्दीचा फायदा त्यातून दिसलेला नाही.

एक गंभीर, थोडक्यात. शुगर अनियंत्रित आहे आणि नाकातून काळपट स्राव, चेहऱ्याची एक बाजू बधिर किंवा सुजलेली: त्याच दिवशी दवाखाना. म्युकर, म्हणजे काळी बुरशी, २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी बघितलाय. दुसरं, वाकलं की एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकतं, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर: ती सर्दी नसून मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

---

धोटा

डॉक्टर, परत मागाकडे येऊ. वाचून डोकं फिरालंय बे. आमच्याकडे आठवड्याला माग साफ करतात ते कॉम्प्रेसरच्या हवेने. पाइप धरला की अख्ख्या शेडमध्ये ढग. पोरं रुमाल बांधून करतात आणि नंतर दिवसभर शिंकतात. मास्क कुठला घ्यावा?

---

नाककानघसा

मास्क एन-९५, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. रुमालाने मोठं तूस थांबतं, बारीक नाही. पण आधी कॉम्प्रेसर बंद करा. खाली बसलेली धूळ तुम्हीच पुन्हा नाकाच्या उंचीवर आणताय. व्हॅक्यूमने ओढा, नाहीतर फरशीवर ओलं पुसून घ्या. हवाच मारावी लागली तर बाकी सगळे बाहेर, मारणारा मास्कमध्ये आणि दारं उघडी. आणि ज्याला सुट्टीनंतर छाती आवळते त्याची फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी कामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करून घ्या.

---

धोटा

व्हॅक्यूमचं शेठला सांगितलं तर म्हणेल तुझ्या पगारातून घे. तरी बोलतो. चौघं मिळून बोललो तर ऐकतो तो. मास्कचा खोका मात्र उद्याच आणतो, नव्या पेठेत होलसेलला बघतो.

---

माईची_लेक

धोटा दादा, होलसेलला मिळाला तर भाव इथे टाका. आमच्या ओळीतल्या बायकांसाठी मलाही एक खोका हवाय. आईला सोमवारी सिव्हिलला नेतेय.